नावघाटावरची बदकं

आमच्या गावाच्या नावघाटावर पाचसात बदकं होती. मूळची तहसीलदार साहेबांची. साहेबांची बदली झाली, सामान बैलगाड्यांत चढलं, बदकं मागेच राहिली. माणसं पलीकडे नेणाऱ्या नावा काठाला बांधलेल्या असत, त्यांच्या आडोशाला ती राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे मान वाकडी करून बघायची. मला ती मेली कधीच आवडली नाहीत. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. माणसंही एकमेकांकडे तशीच बघत होती.

मला मात्र वेगळाच घोर लागला होता. आमचे हे शाळेत मास्तर. दिवेलागणीला कीर्तनाला म्हणून निघायचे आणि टोपलीतल्या भाकरी कमी व्हायच्या. देव काही भाकरी मागत नाही. शिवाय परत येताना धोतराचा काठ ओला, जोड्यांना चिखल. नदीपलीकडे कुणीतरी बाई आहे, हे मी मनाशी पक्कं केलं. पण बोलले नाही. नुसत्या संशयावर भांडून मला भागायचं नव्हतं, रंगेहाथ पकडायचं होतं.

कार्तिकस्नानाला मी त्यांना हट्टानं सोबत नेलं. पायऱ्या उतरतो न उतरतो तोच सगळी बदकं नावांमागून निघाली आणि कलकलाट करत थेट यांच्या पायांशी. एकानं तर धोतरच ओढलं. कीर्तनाला बदकंही येतात का, असं मी विचारणारच होते.

तेवढ्यात पहाऱ्यावरचा पोलीस जवळ आला. "मास्तर, ही बदकं तुमाला लय वळखायलीत की. रोज येता का काय इकडं?"

यांचा चेहरा पांढराफटक पडला. बाईच्या भानगडीत सापडलेला माणूस ओशाळतो. हे घाबरले होते. त्या घाटावरून पकडून नेलेली माणसं मी पाहिली होती, परत आलेली पाहिली नव्हती.

"माझा नेम हाय, दादा," मी म्हणाले. "कार्तिकभर गंगेवरच्या पाखरायला भाकर घालायची. मला रोज जमंना, म्हणून ह्यायला धाडते." माशांसाठी आणलेले कणकेचे गोळे मी भराभर बदकांपुढे टाकले.

पोलिसानं आम्हा दोघांना नीट न्याहाळलं. "उद्यापून तुमीच या, बाई," म्हणाला आणि गेला.

घरी येऊन दार लावल्यावर हे हळूच बोलले. पलीकडच्या झाडीत सरकारविरुद्ध काम करणारे तिघं लपले होते. भाकरी पलीकडे न्यायला नावेत ठेवताना बदकं ओरडायची, म्हणून त्यांनाही तुकडे टाकावे लागत.

मला रडू कोसळलं. नसलेल्या बाईला महिनाभर शिव्या घातल्या होत्या, आणि आता ती खरंच असती तर बरं, असं वाटत होतं.

"सवत परवडली असती," मी डोळे पुसत म्हणाले आणि उद्याच्या नेमासाठी परातीत जास्तीचं पीठ घेतलं.