बुधवारच्या भरतीआधी आलेला फोन

भूत, संकेत, नवस — असल्या गोष्टींविरुद्ध मी अंबरनाथ पूर्वेला स्वतः पत्रकं वाटलीत. त्यामुळे कमेंटमध्ये शिव्या घालायच्या तर खुशाल घाला. घडलं ते लिहितोय.

शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनी नदीचं कारखान्यांनी गटार केलंय. ते पाणी पुढे खाडीत उतरतं, आणि खाडीकाठी माझ्या मामाचं कोळंबीचं तळं आहे. पूर्वी मिठागर होतं. भरतीला दार उघडून खाडीचं पाणी आत घ्यावं लागतं. दिवस चुकला की सडकं पाणी आत येतं, सगळी कोळंबी मेली. गेल्या वर्षी मेलीच. यंदाही मेली असती तर मामा तळं विकणार होता.

हेंद्रेपाड्यातली माझी मैत्रीण तेजश्री समुद्रविज्ञान शिकलेली. तिने लॅपटॉपवर खाडीचं मॉडेल बनवलं. एक भाग पाण्याचा प्रवाह मोजतो, दुसरा त्यातलं शेवाळ, जिवाणू, ऑक्सिजन. त्याच्या जोरावर मी मामाला ठणकावलं, "बुधवारच्या भरतीला उघड. बिनधास्त!"

मंगळवारी दुपारी तेजश्रीकडे बसलो होतो. तिच्या मोबाईलवर मामाचं नाव आलं. तिने स्पीकर लावला. आवाज मामाचाच, पण भाषा शुद्ध, सावकाश... "पोरी, शून्याखाली गेलेलं तू शून्यावर का आणून ठेवतेस?"

कट.

मी हसलो. "मामा दुपारीच लावून बसला वाटतं."

तेजश्रीने लॅपटॉप पुढे ओढला. "गप रे. ती ओळ माझ्या कोडमध्ये आहे. मी कुणालाच सांगितलेली नाही."

लॅपटॉप रखडू नये म्हणून ती प्रवाह दर मिनिटाला मोजायची, पण जिवाणू-ऑक्सिजनचा भाग तासातून एकदाच. तासाभराच्या त्या उडीत जिवाणू पाण्यात असलेल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन खायचे, आकडा मायनसमध्ये जायचा. मायनस आला की शून्य कर, असं तिने लिहून ठेवलेलं. म्हणजे दर वेळी पाण्यात फुकटचा ऑक्सिजन! खोटे आकडे दाखवतात म्हणून आम्ही कारखान्यांच्या नावाने बोंबलतो... आणि आमचं हे असं.

तिने ती ओळ काढली, दुसरा भागही मिनिटावर आणला. संध्याकाळी उत्तर आलं — बुधवारी दाराशी ऑक्सिजन जवळपास नाहीच.

मामाचा नंबर बंद. मामीच्या फोनवर ओरडलो, "दार उघडू नका!"

"नाय उघरत," मामा म्हणाला. "पन मी कवा फोन केला? माजा मोबाईल रविवारी पान्यात परला. उल्हासनगरला दिलाय दुरुस्तीला."

बुधवारी दाराबाहेर मेलेले मासे तरंगत होते. आतली कोळंबी जिवंत.

दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरच्या त्या दुकानात गेलो. दुकानातल्या सिंधी काकांनी सुट्या केलेल्या मोबाईलची डबी पुढे सरकवली. "संडे से खुला पड़ा है, भाई. बैटरी अलग, सिम ये रहा." तेजश्रीच्या मोबाईलवर कॉल मात्र दिसतो. मामाचाच नंबर, मंगळवार दुपार.

मामाला सांगितलं तर म्हणतो, "माज्या आवाजात बोलला ना? मंग मीच असंन. शानाच हाय मी."

नंबर नकली करता येतो, मान्य. पण ती ओळ कुणाला ठाऊक होती? एवढंच सांगतो — नदीच्या तक्रारी घेऊन किती ऑफिसांचे उंबरे झिजवले, पण चूक तोंडावर आणि वेळेत सांगणारा मला तिथे एकही भेटला नाही. फोनवर तू भेटलास. जो कुणी असशील... मनापासून आभार.