तात्यांचा विस्तव

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी भुकूमच्या फ्लॅटमध्ये चहा ठेवत होते. गॅस बंद केला आणि तशीच निघाले. गावी, भऱ्याला पोचले तर घर माणसांनी भरलेलं... आणि तरीही गार. आत शिरल्यावर लक्षात आलं, चूल विझली आहे. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटवत नाहीत, शेजारचे कडू घास घेऊन येतात, हे मला माहीत होतं. पण कळायला लागल्यापासून आमची चूल पार गार झालेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

तात्या माझे थोरले चुलते. आई-वडील आम्हाला कळायच्या आधीच गेले. मला आणि माझ्या भावाला, संतोषला, तात्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, आमच्या थोरल्या आईनं, वाढवलं. थंडीत तिचे सांधे धरायचे, म्हणून पहाटे चूल पेटवायचं काम तात्यांनी कधीतरी स्वतःकडे घेतलं, ते सोडलंच नाही. जेवणं झाली की निखारे राखेत पुरून ठेवायचे. पहाटे राख बाजूला सारायची, वर काटक्या रचायच्या आणि फुंकणीनं फुंकायचं. काडेपेटी लागायचीच नाही. बाप्यानं चुलीपुढं बसावं याचं गावाला नवल. शेजारचे भीमाअण्णा आमच्याकडे विस्तव मागायला यायचे आणि वर चिडवायचे, "काय तात्या, आज भाकरी बी तुमीच थापताय जनू?"

"थापीन की," तात्या म्हणायचे, "पन मग ती तुला खावी लागंल."

मी अंथरुणातून उठायची ती थेट चुलीपुढं. शाळेचा झगा तात्यांनी धगीवर धरून ऊन केलेला असायचा. चुलीच्या बाजूच्या वैलावर शेळीचं दूध. तिथंच मी मोठ्यानं धडे पाठ करायची. तात्यांना वाचता येत नव्हतं, पण मी अडखळले की त्यांचं फुंकणं थांबायचं. "पुना म्हन," एवढंच म्हणायचे. पुढं पिरंगुटहून बस धरून कॉलेजला जाऊ लागले, तेव्हा ओढणीला धुराचा वास येतो म्हणून मी कुरकुरले. "यिऊ दे," तात्या म्हणाले, "पोरगी गारठत आली आसं तरी कुनी म्हननार न्हाई." आमच्या घरातली पहिली पदवी माझी. तिचा अर्ध्याहून अधिक अभ्यास त्या धगीपुढं झाला, असं मला आजही वाटतं.

तेराव्यानंतर स्वयंपाक गॅसवरच होऊ लागला. संतोषनं ठरवलं, चूल काढायची आणि घरभर एकसारखी फरशी बसवायची.  थोरली आई मात्र पहाटे उठून विझल्या चुलीपुढं जाऊन बसायची, गुडघे धरून. संतोषला ते बघवेना. त्यानं विजेचा हीटर आणला. तिनं हात शेकले आणि बटण बंद करायला सांगितलं.

"ऊब हाय रं," ती म्हणाली, "पन ह्याला राख न्हाई. उद्याला काय ठिवायचं?"

संतोषनं हीटरची वायर गुंडाळून ठेवली.

गेल्या आठवड्यात मी मुक्कामाला गेले होते. पहाटे खोकल्यानं जाग आली. घरभर धूर. संतोष चुलीपुढं उकिडवा बसून तात्यांची फुंकणी फुंकत होता, डोळ्यांना धार लागलेली.

"आरं, चूल पेटवतुयास का मला हुसकावतुयास?" थोरली आई पदर नाकाला लावून म्हणत होती. "ती वली लाकडं काढ आदी. बारीक काटक्या घाल. ह्यांनी कवा आशी कोंबली व्हती का?"

"ते कुटं शिकवून गेले मला?" संतोष खोकत म्हणाला, आणि दोघंही हसू लागले... तात्या गेल्यापासून पहिल्यांदाच. मग जाळ धरला. थोरली आई पुढं सरकली आणि तिनं धगीकडे पाय पसरले.

"फरशीचं काय मग?" मी विचारलं.

"चुलीपातूर बसवू," संतोष म्हणाला.

त्या दिवशी संध्याकाळची जेवणं झाल्यावर तो निखाऱ्यांवर राख ओढत होता. थोरली आई बाजेवरून बघत होती.

"आजून वढ," ती म्हणाली. "उद्या लई गारठा पडनार हाय."