सभेला हजर, स्वयंपाकघरात

आमच्या कंपनीच्या शेडवर पत्र्याची निळी पाटी आहे. तिच्यावर सात बायकांची नावं पांढऱ्या रंगात लिहिली आहेत आणि खाली ‘संचालक मंडळ’ असं आहे. माझं नाव चौथं. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावहून सेनगावला जाणारी जीप शेडवरून जाते, तेव्हा मी कितीही कोंबलेली असले तरी मान वळवून ते नाव पाहते. घरात माझ्या नावावर गॅसचं कार्डसुद्धा नाही.

कंपनी शेतकऱ्यांची, सोयाबीन आणि तूर चाळून विकायची. बायकांची कंपनी असली की योजनेत लवकर बसते, असं कुणीतरी पुरुषांच्या कानावर घातलं आणि एका आठवड्यात गावात सात उद्योजिका तयार झाल्या. फोटो आमचे आणि आधार कार्डं आमची. मोबाइल नंबर तेवढे नवऱ्यांचे दिले, कारण ‘बायकांच्या फोनात रेंज राहत न्हाई’. एका घरातल्या दोन फोनांपैकी एकालाच रेंज कशी मिळते, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दरवर्षी सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायची. ती अध्यक्षबाईंच्या घरी असायची. त्या साठीच्या पुढच्या, आम्ही सगळ्या त्यांना मावशी म्हणतो. पुरुष ओसरीवर खुर्च्या टाकून बसत, आणि आम्ही सात संचालक आत पोळ्या लाटत असू. वरण फोडणीला पडलं की बाहेरून रजिस्टर आत येई. मी पिठाचे हात पुसून सही करी आणि तव्यावरची पोळी उलटवी. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, दारात उभे राहून म्हणत, “सही कर की. काहून वाचून राहिली?” खरं तर मी वाचत नव्हते, पेन चालतं का ते बघत होते.

मग चाळणी यंत्राचा पट्टा तुटला आणि शेड दोन हंगाम बंद पडलं. पुरुषांनी ओसरीवर बसून ठरवलं की धंदाच झाला न्हाई तर सरकारला कळवायचं काय. दुकानाला कुलूप असलं की गिऱ्हाईक आपोआप परत जातं, तसं त्यांना वाटलं. सभा बंद झाली आणि हिशेब तपासणी बंद झाली. वार्षिक विवरणपत्र आणि आयकराचं विवरणपत्रही गेलं नाही. पोळ्या लाटायच्या वाचल्या म्हणून आम्हीही खूश होतो, हे कबूल करायला हवं.

एकदा मालक फोन चार्जिंगला लावून शेतात गेले आणि फोन वाजला. पलीकडून हिंगोलीचे कर सल्लागार म्हणाले, “संचालक मॅडमशी बोलायचं होतं.” मी खरोखर मागे वळून पाहिलं. मग ते शांतपणे सांगत गेले. दोन वर्षांचे कागद गेलेले नाहीत. कंपनीनं काही केलं नाही, तरी ‘काही केलं नाही’ हेसुद्धा दरवर्षी कळवावं लागतं. तिसरं वर्षही चुकलं तर सातही जणी पाच वर्षांसाठी अपात्र ठरतील, ह्याच नाही तर कुठल्याही कंपनीत संचालक राहता येणार नाही. “मी किती मेसेज पाठवले, ताई,” ते म्हणाले. मी मालकांच्या फोनात पाहिलं. ‘आदरणीय संचालक महोदया’ अशी सुरुवात असलेले अकरा मेसेज होते. मालकांना ती साडीची जाहिरात वाटली होती.

जेवताना मी विषय काढला. मालकांनी भाकरी मोडत शांतपणे ऐकलं.

“पाच वर्षं तू न्हाई, तर वहिनी हाय की,” ते म्हणाले. “तिचं नाव टाकू. घरातच राहील. पेंटरला सांगतो, पाटीवर बराबर बसवून देईल.”

मला इतका संताप आला की हातातला पेला खाली ठेवावा लागला. जाऊबाईंवर नाही, त्या बिचाऱ्या मीठ वाढत होत्या. त्यांचं नाव माझ्या जागी बसणार होतं आणि त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. ते पांढरं चौथं नाव ही माझ्या आयुष्यातली एकच गोष्ट होती, जी कुणाची तरी बायको किंवा सून म्हणून लिहिलेली नव्हती. तीसुद्धा बायको आहे म्हणूनच मिळाली होती, हे त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना घेऊन हिंगोली गाठली. सल्लागारांनी टेबलाचा खण उघडला आणि पेनड्राइव्हसारख्या सात वस्तू काढल्या, रबर लावून बांधलेल्या. “ह्या तुमच्या डिजिटल सह्या,” ते म्हणाले. मावशींनी आपली हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग सल्लागारांनी जुन्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवलं: ‘सभेस सर्व संचालक प्रत्यक्ष हजर होत्या.’

“होतो की,” मावशी म्हणाल्या. “आतच होतो. पोळ्या कुणी केल्या मंग?”

सल्लागार जरा खाकरले. ते म्हणाले, सगळीकडे असंच लिहितात. मग त्यांनी काय काय करायचं ते सांगितलं. आधी राहिलेल्या वर्षांची हिशेब तपासणी, मग सभा, मग एकामागून एक अर्ज, आणि उशिराचा दंड दिवसागणिक. यंदाच्या मुदतीला थोडेच आठवडे उरले होते. परतीच्या एसटीत सेनगाव आल्यावर मावशी एवढंच म्हणाल्या, “सभा आधी. चूल मंग.”

सभा शेडमध्ये घेतली. पुरुष नेहमीसारखे अकराला आले आणि सवयीनं खुर्च्यांवर बसले. मावशी म्हणाल्या, “तिथं आमी बसणार हाव.” ते उठले, पण गेले नाहीत, यंत्राच्या बाजूला पोत्यांवर बसले. मी ताळेबंद वाचला. अडखळले, पण शेवटपर्यंत वाचला. एका संचालक बाईनं विचारलं, पट्टा तुटला तेव्हा नवा का आणला नाही? पोत्यांवरून उत्तर आलं, “ध्यानात राहिलं न्हाई.” दोन हंगामांत कुणालाच ते विचारावंसं वाटलं नव्हतं.

मग हजेरीचं रजिस्टर फिरलं. मालकांनी सवयीप्रमाणे खिशातून पेन काढलं आणि रजिस्टर घ्यायला हात पुढे केला.

“तुमची सही न्हाई त्यात,” मी म्हणाले. “तुमी कंपनीत न्हाईत.”

“मंग मी कोण हाय?”

“जावई,” मावशी म्हणाल्या. “बसा. पाणी घ्या.”

सगळ्या हसल्या, मीही हसले. मालकांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. ते टोपण लावणं पाहून मला वाईट वाटलं. नोंदणीच्या वेळी ह्याच माणसानं उन्हात हिंगोलीच्या चकरा मारल्या होत्या, कंपनी आपलीच आहे असं समजून. थोड्या वेळानं ते उठले आणि बाकीच्या नवऱ्यांना हळूच विचारू लागले, कणीक कुणाला मळता येते का. येत कुणालाच नव्हती. त्या दिवशी सगळे फरसाण आणि केळी खाऊन घरी गेले.

सगळे अर्ज यंदाची मुदत संपायच्या आत गेले आणि पाटी तशीच राहिली. त्याआधी, शेवटच्या अर्जासोबत जोडायचं इतिवृत्त सल्लागारांनी जुन्याच मजकुरावरून टाइप केलं होतं. मी पेन घेऊन दुरुस्त करायला बसले. ‘सभेस सर्व संचालक प्रत्यक्ष हजर होत्या,’ असं तिथं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि एक अक्षरही न खोडता खाली सही केली.