माझ्या नावावरची बंदूक

बाबा गेले त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यातून फोन आला. बोलणारा सभ्य होता. आधी चार शब्द सांत्वनाचे बोलला, मग म्हणाला, "परवाना त्यांच्या नावावर होता. आता बंदूक घरात ठेवता येणार नाही." दुसऱ्या दिवशी दोघे पोलीस आले. बंदूक पाहिली, काडतुसं मोजली, पोचपावती दिली आणि सगळं जीपमध्ये घालून घेऊन गेले. आई ओटीवर बसून बघत होती. जीप वळणाआड गेल्यावर म्हणाली, "बरं झालं. गेली ब्याद."

मला तसं वाटलं नाही. रत्नागिरी शहराच्या कडेला, समुद्राकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या उतारावर आमची हापूसची बाग आहे. मी शाळेत गणित शिकवते. लग्न केलेलं नाही. बाबा थकल्यापासून बागेचंही मीच बघते. ती एकनळी बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. बाबांनी त्या बंदुकीने कुठला जीव घेतलेला मी कधी पाहिला नाही. माकडांची टोळी आली की ते वरच्या गडग्यापाशी, बागेच्या दगडी कुंपणापाशी, जाऊन आभाळाकडे एक बार काढायचे आणि टोळी पुढचे काही दिवस फिरकायची नाही. बस, एवढंच तिचं काम.

त्या वर्षी तो बार नव्हता. कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या आणि माकडं उतरली. एक कैरी तोडायची, एक चावा घ्यायचा, फेकायची, दुसरी तोडायची. राखणदार पत्र्याचा डबा बडवत झाडाखाली नाचला, तरी ती फांदीवर बसून त्याच्याकडे बघत राहिली. हंगामाअखेरी आलेला आंबा मी घरच्या माणसांत आणि शेजारी वाटून टाकला. बाजारात पाठवण्याजोगा नव्हताच. त्याच दिवशी मी ठरवलं, बंदूक माझ्या नावावर करून घ्यायची.

मुंबईला भावाला फोन केला. वारस म्हणून त्याची ना-हरकत लागणार होती.

"ताई, तू बंदूक चालवणार?" तो हसला.

"हो."

"अगं, ती सरकारजमा करून टाक. नाहीतरी बाग किती दिवस ठेवणार आहोत आपण?"

"तू किती दिवस ठेवणार ते तू बघ. मी ठेवणार आहे. सही करायला कधी येतोस?"

मग म्हणाला, "शनिवारी येतो." आणि आला. अधिकाऱ्यासमोर सही करताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पण बाहेर आल्यावर स्वतःहून म्हणाला, "बाबांनी मला एकदाही हात लावू दिला नव्हता गं तिला." तो त्यावर रुसलेला होता, इतकी वर्षं. मला माहीतच नव्हतं.

कचेरीतल्या खिडकीवर मी अर्ज सरकवला तेव्हा आतल्या माणसाने वर न बघता विचारलं, "अर्जदार कुठे आहेत?"

"तुमच्यासमोर."

त्याने वर पाहिलं, अर्ज पाहिला, परत मला पाहिलं. "बाई, यात चौकशी असते, प्रशिक्षण असतं, डॉक्टरचा दाखला असतो."

"म्हणूनच सकाळी लवकर आले," मी म्हटलं.

चौकशीला महिला उपनिरीक्षक घरी आली. माझ्यापेक्षा वयाने बरीच लहान, पण नजर पक्की. "बंदूक कुठे ठेवणार?" बाबा ती आपल्या खोलीच्या दारामागे खुंटीला टांगायचे. मी ती खुंटी दाखवली. तिने मान हलवली. "घरात पाहुणे येतात, मुलं येतात. खुंटी चालणार नाही." मग मी लोखंडी कपाट करून घेतलं, ते भिंतीत बोल्ट मारून बसवलं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. आईला किल्ली कुठे असते ते सांगायला गेले, तर तिने कानांवर हात ठेवले. "अगो, मला नको सांगूस. मला ठाऊकच नको!" उपनिरीक्षक पुन्हा आली, कपाट हलवून पाहिलं. हललं नाही. ती आईचा तो किस्सा ऐकून हसली आणि म्हणाली, "आजींचं बरोबर आहे. किल्ली एकाच माणसाकडे असावी."

प्रशिक्षणाला आम्ही जमलो होतो त्यात बहुतेक पहारेकऱ्याची नोकरी करणारे पुरुष. शिकवणारे निवृत्त फौजी होते. पहिला दिवस सगळा एकच वाक्य ऐकण्यात गेला, "बोट चापावर नाही, बाहेर!" पहिली गोळी झाडली तेव्हा दस्ता खांद्यावर असा बसला की रात्री त्या कुशीवर झोपता येईना. दुसऱ्या दिवशी खांदा निळाजांभळा झालेला. शिकवणाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, आज राहू द्यायचं का?" मी म्हटलं, "दस्ता नीट कसा टेकवायचा ते आधी दाखवा." त्यांनी दाखवलं. त्यानंतर लागलं नाही.

परवाना हाती आला आणि ठाण्यातून बंदूक परत मिळाली तोवर पुन्हा मोहोर धरला होता. कैरी आली, टोळी आली. एका सकाळी मी वरच्या गडग्यापाशी उभी राहिले, पाठीमागे कोणी नाही ना पाहिलं, समुद्राच्या बाजूला मोकळ्या आभाळात नळी धरली आणि बार काढला. फांद्या एकदम सळसळल्या आणि सगळी बाग रिकामी झाली.

दुपारी पोलीस आले. बागेला लागून आता एक इमारत उभी राहिली आहे. तिथून तक्रार गेली होती. त्यांनी परवाना पाहिला, मी कुठे उभी होते, कुठल्या दिशेला झाडली, सगळं पाहिलं. जाताना म्हणाले, "तुमचं काही चुकलेलं नाही. पण वस्ती जवळ आली आहे, एवढं ध्यानात ठेवा."

एवढ्यावर मी गप्प बसू शकले असते. पण संध्याकाळी इमारतीत गेले आणि तक्रार कोणी केली ते विचारलं. एका तरुण बाईने दार उघडलं. दवाखान्यात परिचारिका. रात्रपाळी करून सकाळी झोपलेली.

"तुम्ही का त्या बंदूकवाल्या?" ती तापलेलीच होती. "गाढ झोपेत होते मी. वाटलं, गॅसच फुटला. पायात चप्पल न घालता जिन्याने खाली धावले."

"माझ्याकडे परवाना आहे," मी म्हटलं.

"असेल. पण मला कसं कळणार, गोळी कुठे जाते?"

हे खरं होतं. परवान्यात माझी हद्द लिहिलेली होती, पण ती तिला कुठून दिसणार? मी तिला म्हटलं, "चल, दाखवते." ती आली. वरच्या गडग्यापर्यंत आम्ही चढून गेलो, मी कुठे उभी राहते, नळी कुठे असते, खाली काय आहे, सगळं तिला दाखवलं. परत येताना मी माझ्यापुरता नियम केला आणि तिला सांगितला. इमारतीच्या बाजूने कधीही बार काढणार नाही, तिकडच्या झाडांवर जाळी टाकेन. आणि वरून बार काढण्याआधी तिला फोन करेन.

"पण मी झोपलेली असले तर?"

"तर तू उठेपर्यंत डबा बडवू."

त्या हंगामात आंबा बरा आला. शेवटची काढणी चालू असताना एका दुपारी तिचाच फोन. "काकू, गच्चीवर माकडं! पापड वाळत घातलेत, टाकीचा पाइप उपटलाय. जरा या ना बंदूक घेऊन. एकच बार काढा."

"नाही जमणार."

"अहो, आता मीच सांगतेय ना! कोणी तक्रार करणार नाही."

"परवाना माझ्या बागेपुरता आहे. तुमच्या गच्चीवर ती आणायचीसुद्धा नाही मला."

मी राखणदाराचा डबा उचलला आणि तिच्याकडे गेले. ती परात-लाटणं घेऊन उभी होती. दोघींनी मिळून गच्ची दणाणून सोडली. खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर येऊन बघायला लागली. शेवटी म्होरक्या कंटाळला, कठड्यावर चढला आणि त्याने उडी टाकली ती थेट माझ्या बागेत. मागोमाग सगळी टोळी.

तिने परात खाली केली. "आता हो, काकू?"

"आता ती माझ्या हद्दीत आहेत," मी म्हटलं. "तुला झोपायचं असेल तर बार होईपर्यंत थांब." आणि जिना उतरायला लागले.