तोंडाला बांधलेला पदर

"मावशी, तोंडाला पदर बांधा. वास मारतोय. पाहुण्यांना जेवायचंय अजून."

मालकाच्या सुनेने हे चाळीस माणसांसमोर सांगितलं. शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी मी बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, ठेचत होते. एका पाहुण्याने भर घातली, "वांग्यांपेक्षा मावशींचाच धूर जास्त!"

हशा पिकला. मी पदर बांधला. ठेचत राहिले. सगळ्यांचं झाल्यावर पुरी पाण्यात भिजवून खाल्ली. चावता येत नव्हतं.

वास खोटा नव्हता, हे आधीच सांगते. धाकट्याच्या बाळंतपणानंतर हिरड्यांतून रक्त यायला लागलं. माझी आई साक्रीकडची. तिने तंबाखू भाजून मशेरी करून दिली. घासली की ठणका थांबायचा. वीस वर्षं घासली. मग पाळी गेली आणि दात हलायला लागले. आई म्हणाली, "वय व्हई गयं तुनं. दात पडतीनच." चार पडले. मी मान्य केलं. बाईचं वय झालं की असंच, एवढंच आम्हाला ठाऊक.

पार्टीनंतर महिनाभराने ओट्यावरून घसरले. ओटा गुडघ्याएवढाही नाही. मनगट मोडलं. जळगावच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीण बाई प्लास्टर घालत होत्या. दुसऱ्या हाताने मी तोंडावर पदर धरला होता.

"पदर का धरलाय?"

"वास येतो, बाई."

"काढा. बघू द्या."

त्यांनी तोंडात टॉर्च मारला. नाक मुरडलं नाही. म्हणाल्या, "हिरड्यांत पू आहे. फार जुना जंतुसंसर्ग. दात धरून ठेवणारं हाड झिजलंय. पाळी गेल्यावर हाडं आधीच विरळ होतात, त्यात हे. मशेरीने ठणका दबतो, रोग वाढतच राहतो." हाडांची तपासणी लिहून दिली. दातांच्या विभागात पाठवलं.

मी बाकावर बसून राहिले. रडले नाही. राग आला, पण तोही थकलेला. इतकी वर्षं वास सगळ्यांना आला. हा रोग आहे, असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

हिरड्या साफ करायला चार फेऱ्या झाल्या. मशेरीची डबी चुलीत टाकली. हाडांच्या गोळ्या चालू आहेत. झिजलेलं हाड पूर्ववत होणार नाही, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं. उरलेलं टिकवायचं.

या हिवाळ्यात पुन्हा बोलावणं आलं. वांगी भाजून बडगीत घातली, तेवढ्यात सून आली. "मावशी, पदर."

मी मुसळ खाली ठेवलं. "नाही बांधणार. रोग होता, औषध घेतेय. चालत नसेल तर ठेचा तुम्ही."

"इतकं काय लागतं हो मनाला!"

मी उठून हात धुतले. तेव्हा शेजारी पुऱ्या लाटणाऱ्या अक्काकडे लक्ष गेलं. तिच्या तोंडाला पदर होता. कुणी न सांगताच बांधलेला.

"अक्का, सोड तो. तोंड दाखव."

तिने इकडेतिकडे पाहिलं, मग सोडला. हिरड्या लाल, सुजलेल्या. माझ्यासारख्याच.

"सोमवारी माझ्यासोबत दवाखान्यात चल."

"सोमवारी कापूस वेचायला बोलावलंय. मालकीण चिडेल."

चिडू दे. कापूस मंगळवारीही झाडावरच असेल. सोमवारी पहिल्या एसटीने मी तिला नेणार. आणि त्यानंतर ज्या बाईच्या तोंडाला पदर दिसेल, तिला.