कारण एकदाच सांगायचं होतं

रेशनकार्डावरून बायकोचं नाव काढायला मी बोळिंजच्या सेवा केंद्रात गेलो. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगा नायगावला टॉवरमध्ये राहतो. तो म्हणायचा, मोबाइलवर होतं, मी करतो. म्हटलं, राहू दे. लग्न करून मी आणली, नाव मी लावलं, काढायचं पण मीच. तिथे कारण विचारतात हे माहीत होतं. ते एकदा सांगायचं आणि घरी यायचं, एवढं ठरवून निघालो.

कॉम्प्युटरवर सुनेच्या वयाची बाई होती. "नाव कमी करायचं कारण, काका?"

"मयत."

तिने बटण दाबलं. पडद्यावर एक चकती फिरायला लागली. "सर्व्हर सुरू होतोय," ती म्हणाली. तेवढ्यात नेट गेलं. तिने सगळं बंद केलं, नेट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून उघडलं.

"कारण?"

"आत्ता सांगितलं ना."

"ते गेलं, काका. परत भरायला लागतं."

परत सांगितलं. चकती फिरली, नेट गेलं, तिने बंद केलं, उघडलं, विचारलं. असं होत राहिलं. मागे रांग लागली होती. त्यातला एक जण म्हणाला, "आजोबा, किती वेळा मारताय आजीला?"

"मी नाय मारत. सर्व्हर मारतो."

रांग हसली. मी नाही हसलो. मला वाडीतला पंप आठवत होता.

आमचा पंप बावखलावर, म्हणजे तळ्यावर, होता आणि त्याचं बटण घरात. मधे सगळी केळ, पलीकडचं दिसायचं नाही. वीज आली की मी बटण दाबायचो आणि ती पाटाशी उभी राहायची. पाणी यायला वेळ लागायचा. मी ओरडायचो, आलं का? शेजारच्या गिरणीच्या आवाजात तिचं उत्तर बुडायचं. मोटर कोरडी जळेल म्हणून मी बटण बंद करायचो. मग पाइपात चढलेलं पाणी खाली, आणि ती बादलीने पंप भरत बसायची. एक दिवस कमरेपर्यंत भिजून घरात आली.

"अवो, बटनावरचा हात काढा. हाक नाय आयकू आली म्हंजे मी मेले काय? पानी नाय आलं तर मीच धावत येन. नाय आले, तर समजा पानी येतंय."

तेव्हापासून मी हात मागे बांधून उभा राहायचो. मोटर कधी जळली नाही.

चकती फिरत होती. नेट पुन्हा गेलं. बाईचा हात बंद करायला निघाला.

"थांब, बाय. बंद नको करू."

"तुम्हाला यातलं कळतं का?"

"काय नाय कळत. पण नेट तुझ्याकडचं गेलं. तिकडचं गेलं कशावरून?"

"आणि नाही चालू झालं तर?"

"तर बसू. मला कारण परत सांगायचं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हात मांडीवर ठेवला. रांगेला म्हणाली, "ज्यांना घाई आहे त्यांनी चहा पिऊन या." मघाचा माणूस गेला नाही. त्याने मला पाण्याची बाटली दिली.

बाईने आपल्या मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला जोडलं. पान बंद झालं नव्हतं. चकती होती तिथेच होती, थोडी फिरली आणि थांबली. भरलेलं सगळं जागेवर होतं, कारणसुद्धा. बाईने काही विचारलं नाही. पडदा माझ्याकडे वळवला, मी मान हलवली, तिने बटण दाबलं.

"झालं, काका."

घरी आलो. वाडीत आता चार केळी राहिल्यात, पंप तोच आहे. वीज होती म्हणून बटण दाबलं आणि हात मागे बांधले. बराच वेळ उभा राहिलो. केळीतून कोणी धावत आलं नाही.

मग पाटापाशी जाऊन पाहिलं. पाणी येत होतं.