ड्रम उघडण्याआधी

अंधेरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये रॉकेटच्या नॉझलसाठी आगीत टिकणारं अस्तर बनतं. त्यासाठी राळेत कार्बनचे अतिसूक्ष्म तंतू मिसळायचं काम आमचा एक कामगार करतो. तंतूंची काळी भुकटी इतकी हलकी, की श्वासाबरोबर छातीत जाते; म्हणून ड्रम उघडताना तो वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास रोखतो आणि झाकण लागल्यावर उरलेलं बोलतो. आता सगळीकडेच त्याचं बोलणं असं तुटतं. टपरीवर "साहेब, चहा..." म्हणून थांबतो आणि बऱ्याच वेळाने म्हणतो, "घेणार ना?"

धूळ ओढणारा पंखा बंद पडलाय. मी सुपरवायझर. मालकांनी नवा पंखा नाकारलाय हे माहीत असून मी त्याला तारखा देत आलो.

काल ड्रमांपाशी उभा असताना त्याने विचारलं, "साहेब, पंख्याचं काय झालं?"

"पुढच्या आठवड्यात येतोय. नक्की."

माझ्याकडे बघतच त्याने माझ्या पाठीमागे हात नेला आणि श्वास रोखला. डोळे लाल झाले, कपाळावरची शीर फुगली, तरी सोडेना.

"अरे, श्वास घे ना!" मी ओरडलो. "नाही येणार पंखा. मालक नाही म्हणालेत."

त्याने वाकून माझ्या मागच्या उघड्या ड्रमचं झाकण लावलं आणि मगच श्वास सोडला.

इतका वेळ मी मात्र छाती भरून श्वास घेत होतो.